घर कुणापाशी अडते?

नुकतीच महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, घरांच्या एजंटांसाठीची परीक्षा उत्तीर्ण होऊन नाशकात काम सुरू केलेल्या एका तरुणाने विचारले आहे की, इतक्या वर्षांत विकायला सर्वांत अवघड गेलेली घरे कोणती, ती अखेर कशी विकली गेली, आणि एखादा सौदा स्वतःहून सोडून द्यावा असे कधी वाटले का. पहिल्या दोन प्रश्नांना मी बऱ्याच विस्ताराने उत्तर देणार आहे. तिसऱ्याचे उत्तर शेवटी देते.

मी या व्यवसायात माणसांमार्फत आले नाही, कागदांमार्फत आले. १९९८ साली, दस्त जिथे नोंदवले जातात त्या दुय्यम निबंधक कार्यालयाजवळच्या एका टपरीवजा दुकानात मी दस्त टंकलिखित करायला बसत असे. चार वर्षे साठेखते, खरेदीखते आणि हक्कसोडपत्रे टाइप केल्यानंतर माझ्या लक्षात आले की, भांडणे बहुतेक वेळा ‘लिहून देणार’ (म्हणजे आपला हक्क देणारा) या शब्दांखाली कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, यावरून होतात. पुढे मी स्वतः घरे दाखवू लागले तेव्हा हीच सवय उपयोगी पडली. घर विकले जात नसेल तर लोक म्हणतात की भाव जास्त आहे. भाव जास्त असतोही, परंतु तो चार-सहा महिन्यांत आपोआप खाली येतो. वर्षानुवर्षे अडलेले घर मात्र बहुधा अशा एखाद्या माणसापाशी अडलेले असते, ज्याला कोणी विचारलेलेच नसते.

परीक्षेत जे शिकवले जाते ते मुख्यतः नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतील विक्रीबद्दल असते. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा रेराचा फारसा आधार नसतो आणि सगळी भिस्त कागद तपासणाऱ्यावर राहते. माझे अवघड अनुभव जवळजवळ सगळे या फेरविक्रीतलेच आहेत.

सर्वांत अवघड गेले ते सिडकोतील एक घर. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील कामगारांसाठी सिडकोने सहा योजनांत जी घरे उभी केली, त्यांतले हे चौथ्या योजनेतील, त्रिमूर्ती चौकापासून चालत दहा मिनिटांवर. विक्रेते एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांना मी काका म्हणत असे. मुलाकडे पुण्याला जायचे असल्याने त्यांना घाई होती. भाव रास्त होता, वरचा मजला नीट बांधलेला होता, आणि पहिल्याच आठवड्यात एक परिचारिका व तिचे पती यांनी घर पसंत करून इसार दिला. त्यांचे बावीस लाखांचे कर्ज मंजूर होण्याच्या बेतात असताना बँकेच्या वकिलाने फाईल परत पाठवली.

काकांच्या निळ्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घरपट्टीच्या पावत्या होत्या, वीजबिले होती, दोन्ही त्यांच्याच नावाची. एवढ्यावर हे घर आपले आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. घरपट्टी ही कर भरल्याची पावती असते, मालकीचा पुरावा नव्हे, हे मी आजवर किती जणांना सांगितले असेल याची गणती नाही. मूळ वाटपपत्र भलत्याच माणसाच्या नावाने होते. त्याने १९९१ साली नोटरीसमोर मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) करून घर दुसऱ्याला दिले होते आणि त्या दुसऱ्याने १९९९ साली तसेच कागद करून ते काकांना दिले होते. सिडकोची घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली असत आणि ती दुसऱ्याच्या नावे करायची तर सिडकोची परवानगी घेऊन हस्तांतर शुल्क भरावे लागे. ते शुल्क वाचवण्यासाठी त्या काळी कित्येकांनी असेच व्यवहार केले. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितल्यानंतर बँका अशा साखळीकडे पाहीनाशा झाल्या. त्यातून मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की ते मुखत्यारपत्रही सहसा संपते. आणि मूळ वाटपधारक वारलेला होता.

त्याचा शोध लागला तो त्याच गल्लीतील एका जुन्या सहकाऱ्यामुळे. कारखाना बंद पडल्यावर वाटपधारक गावी परत गेला आणि काही वर्षांनी वारला, गाव पारोळा तालुक्यात आहे, एवढे त्या सहकाऱ्याला ठाऊक होते. मी धुळ्यापर्यंत एसटीने आणि तिथून पारोळ्याच्या गाडीने गेले. काकांनी निघताना सांगितले होते, ‘पाच हजार रुपये द्या आणि अंगठा घेऊन या.’ माझ्या पिशवीत तयार प्रतिज्ञापत्रही होते, हे मी लपवीत नाही.

घरात त्याची विधवा पत्नी होती. वय सत्तरच्या पुढचे. एक मुलगा सुरतेला, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. सिडको, नाशिक, घर हे शब्द ऐकल्यावर त्या आजींनी मला अहिराणीत पहिला प्रश्न विचारला, ‘पैसा देवाले उनात का लेवाले?’ (पैसे द्यायला आलात की घ्यायला?) थकलेल्या हप्त्यांच्या वसुलीला आपल्याकडे कोणी तरी आले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. नवऱ्याने नाशिकमधील घर कधी विकले, कितीला विकले आणि त्या पैशांचे काय केले, यांपैकी त्यांना काहीही माहीत नव्हते.

त्या क्षणी माझ्यासमोर जो प्रश्न होता तो या व्यवसायात वारंवार येतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही परीक्षेत मिळत नाही. काका मला दलाली देणार होते. त्यांनी १९९९ साली पूर्ण किंमत मोजली होती, त्यामुळे त्याच घरासाठी पुन्हा पैसे का द्यावेत, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. आजींच्या पतीलाही १९९१ साली त्याचे पैसे मिळाले असणार. दुसरीकडे, कागदावर हक्क त्या कुटुंबाचा होता आणि हे समोरच्या बाईला माहीत नसल्याचा फायदा घेऊन अंगठा घेणे मला जमेना. मी त्यांना एवढेच सांगितले की, तुमच्या आणि तुमच्या मुलांच्या सहीशिवाय हे घर विकता येत नाही, म्हणून मुलाला फोन करून विचारा आणि मगच काय ते ठरवा. मी चहा घेऊन परत आले. प्रतिज्ञापत्र पिशवीतच राहिले.

पुढचे चौदा महिने किचकट होते. मुलाने आधी पाच लाख मागितले. काका माझ्यावर संतापले, मी त्यांच्याविरुद्ध काम केले असे त्यांनी गल्लीभर सांगितले, आणि मध्यंतरी दुसऱ्या एजंटाकडे फाईल दिली. ती त्याने महिन्याभरात परत केली. परिचारिका आणि तिच्या पतीने इसार परत घेतला. शेवटी अडीच लाखांवर तडजोड झाली. दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळाला, सिडकोकडे वारसांची नोंद झाली, त्यांच्याकडून काकांच्या नावे रीतसर हस्तांतर झाले आणि मग कुठे काकांना ते घर खऱ्या अर्थाने विकता आले. मधल्या काळात त्या भागातले भाव वाढले होते, त्यामुळे वारसांना दिलेली रक्कम आणि शुल्क वजा जाऊनही काकांच्या हाती पूर्वी ठरले होते त्याहून थोडे अधिकच आले. तरीही त्यांनी ठरलेल्या दोन टक्क्यांऐवजी मला एकच टक्का दिला. मी वाद घातला नाही.

दुसरा अनुभव जुन्या नाशकातील वाड्याचा. तांबट आळीपासून दोन वळणे आत, पुढे दुकानाचा एक गाळा, मागे चौक, वर दोन मजले, सागवानी खांब अजून ठणठणीत आणि मागची भिंत मात्र फुगलेली. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव होते आजोबांचे, ज्यांनी हा वाडा १९५१ साली स्वतःच्या कमाईतून घेतला आणि जे १९८३ साली मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्यामागे तीन मुलगे आणि दोन मुली. मी चित्रात आले तोवर त्यांपैकी दोन मुलगे आणि एक मुलगी वारले होते, आणि सह्या लागणाऱ्यांची संख्या अकरावर गेली होती. त्यांतल्या सात जणांनी मला बोलावले. उरलेले चौघे म्हणजे येवल्याची आत्या आणि वारलेल्या आत्याची मुंबईतील तीन मुले. यांच्याबद्दल विचारले तेव्हा थोरला पुतण्या म्हणाला, ‘त्यांचे काही नाही, हक्कसोडपत्र करून घेऊ, दोनशे रुपयांचा तर स्टॅम्प.’

शुल्काबद्दल त्याचे बरोबर होते. वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा जवळच्या नात्यात, मोबदला न घेता सोडला तर त्या वेळी महाराष्ट्रात दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर काम होत असे. मात्र ‘मोबदला न घेता’ या तीन शब्दांना आत्याची संमती आहे की नाही, हे कोणी विचारले नव्हते. मी येवल्याला गेले तेव्हा कुटुंबाच्या वतीने एक साडीही नेली. येवल्यात राहणाऱ्या बाईला साडी नेऊन देणे यातला विनोद मला तिच्या दारात पोचल्यावर उमगला.

माझी अपेक्षा अशी होती की, आत्या माहेरच्या आठवणी काढतील, डोळे पुसतील, देवघरातील एखादी मूर्ती मागतील आणि सही करतील. तसे झालेले मी अनेकदा पाहिले होते. आत्यांनी साडी बाजूला ठेवली, उशाखालच्या वहीतून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले आणि वाड्याची किंमत किती ठरली ते विचारले. एक कोटी चाळीस लाख, असे मी सांगितल्यावर त्यांनी क्षणभरही न थांबता म्हटले, ‘म्हणजे माझे अठ्ठावीस.’

कात्रण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२०मधील निकालाचे होते. वडील हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५च्या दुरुस्तीपूर्वी वारले असले तरी मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच समान हक्क आहे, असे सांगणारा तो निकाल. गंमत अशी की, आत्यांना त्याची गरजच नव्हती. वाडा आजोबांचा स्वकष्टार्जित होता आणि ते मृत्युपत्राविना वारले, त्यामुळे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळत होता. म्हणजे आत्यांचा हक्क १९८३ सालीच जन्मला होता. फक्त सदतीस वर्षे तो त्यांना कोणी सांगितला नव्हता. नव्याने काम करणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा : घर स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, आणि मूळ मालक कोणत्या साली, मृत्युपत्र करून की न करता वारला, या प्रश्नांवर सगळे गणित अवलंबून असते. मी आता घराची खोली मोजण्यापूर्वी हे विचारते.

मी पुतण्यांना सांगितले की, हक्कसोडपत्राचा नाद सोडा, आत्यांना खरेदीखतात लिहून देणार म्हणून घ्या आणि खरेदीदाराने त्यांच्या वाट्याचा धनादेश थेट त्यांच्या नावे द्यावा. आठ महिने कोणी ऐकले नाही. दोन वकील झाले; दोघांनी तेच सांगितले. दरम्यान आत्यांनी मुंबईच्या भाचरांना फोन करून त्यांच्या आईचाही वाटा आहे हे कळवले, जे खरे तर मी करायला हवे होते. शेवटी जुलैतल्या एका रात्री मागची भिंत चौकात कोसळली. सुदैवाने त्या बाजूला कोणी झोपत नव्हते. महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दारावर लागली आणि बैठक दोन तासांत आटोपली.

मग उरला खालच्या गाळ्यातला भाडेकरू, तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यापारी, महिना चाळीस रुपये भाडे देणारा. वाडा पडला की भाडेकरू आपोआप जाईल, अशी एका पुतण्याची कल्पना होती. ते तसे नसते. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे बुडत नाही, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. खरेदीदार बांधकाम व्यावसायिकाने त्याला नव्या इमारतीत पुढच्या बाजूचा गाळा देण्याचा करार केला आणि तो नोंदवला. नोंदवला, हा शब्द महत्त्वाचा. तोंडी आश्वासनावर गाळा रिकामा करून दिलेले आणि आता कोर्टाच्या पायऱ्या चढणारे व्यापारी मी जुन्या नाशकात पुष्कळ पाहिले आहेत. सागवानाचे खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने वेगळ्या पैशांत नेल्या, त्यावरून भावंडांत आणखी एक भांडण झाले, पण ते माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचे होते.

भावाबद्दलही थोडे सांगते, कारण भाव अजिबात आडवा येत नाही असे नाही. नाशिकमध्ये दर बारा वर्षांनी एक विशिष्ट प्रकारचा विक्रेता तयार होतो. सिंहस्थ आला की रस्ते होणार, रस्ते झाले की भाव दुप्पट होणार, म्हणून आत्ता विकायचे नाही. पंचवटीतील एका गृहस्थांनी आपली सदनिका २०१५च्या सिंहस्थापर्यंत थांबवून ठेवली. सिंहस्थ आला, गेला, रस्ते झाले, त्यांच्या दारातला रस्ताही रुंद झाला आणि त्यात इमारतीची वाहने लावण्याची जागा गेली. आता ते पुढच्या सिंहस्थाबद्दल बोलतात. अशा माणसाशी वाद घालू नये, वर्षातून एकदा दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्यात.

दक्षिणमुखी दार, पितृपक्ष आणि अमावास्या यांबद्दलही अडचण म्हणून पुष्कळ बोलले जाते. ती अडचण खरी आहे, पण उथळ आहे. पितृपक्षात कोणी इसार देत नाही हे मान्य. मात्र त्या पंधरवड्यात जो घर पाहायला येतो तो खरा गरजू असतो, असा माझा अनुभव आहे. मी त्या दिवसांत घरे दाखवते आणि इसारपावती घटस्थापनेला लिहिते.

आता पाण्याबद्दल. गंगापूर रोडच्या नदीकडच्या अंगाला, उतारावरच्या एका गल्लीत तळमजल्यावरची सदनिका माझ्याकडे आली होती. २००८च्या पुरात त्या घरात खिडकीच्या कठड्यापर्यंत पाणी होते आणि २०१९ साली ते उंबऱ्याला लागून गेले. मालकाने भिंतींना कमरेच्या वरपर्यंत फरशी लावून घेतली होती, रंग ताजा होता, आणि मला स्पष्ट सूचना होती की पुराचा विषय आपण होऊन काढायचा नाही. दोन खरेदीदार आले, त्यांनी घर पसंत केले, आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने त्यांना सगळे सांगितले. दोघेही परत आले नाहीत. लपवलेली गोष्ट गल्लीत लपत नाही, हे मालकाला पटवून देण्यात माझे तीन महिने गेले.

तिसऱ्या वेळी एक तरुण जोडपे आले आणि त्यांच्याबरोबर मुलाची आई. बाई मूळच्या पंचवटीतल्या, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर वाढलेल्या. त्यांनी खोल्या पाहिल्याच नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी मला विचारले, ‘दुतोंड्याच्या कुठवर पाणी आले की इथे येते?’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर तिच्यावरून मोजतात. गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला हे आकडे मोबाइलवर येतात, पण जुन्या माणसाला पाणी मारुतीच्या कमरेला आहे की गळ्याशी, एवढेच समजून घ्यायचे असते. मालक माझ्याकडे पाहत होते. मी सांगितले की, छातीपर्यंत आले तर गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, आणि मारुती बुडाला तर घरात येते. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग सामान वर न्यायला वेळ मिळतो.’ आणि त्या आत गेल्या.

त्या कुटुंबाने ते घर घेतले, परंतु सात लाख कमी देऊन. हा फरक केवळ ओल्या भिंतींचा नव्हता. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात काही अटींवर बांधकाम होते, निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते आणि तिथली जुनी इमारत पाडून पुन्हा बांधायची म्हटले की अटी अधिक कडक होतात. तीस वर्षांच्या इमारतीतील सदनिका घेणारा माणूस खरे तर तिच्या पुनर्विकासाची आशाही विकत घेत असतो. ती आशा पातळ असेल तर किंमत तेवढी उतरली पाहिजे, हे मी दोन्ही बाजूंना कागदावर आकडे मांडून दाखवले. इमारतीचे स्थान कोणत्या रेषेत येते हे विकास आराखड्याच्या नकाशावर आधी पाहून ठेवावे. खरेदीदाराच्या वकिलाने ते काढून दाखवणे आपल्याला शोभत नाही.

एक चूक पूर्णपणे माझी. इंदिरानगरमधील एक सदनिका, किंमत बहात्तर लाख. मालक मृदुभाषी, आधार कार्डावर नाशिकचा पत्ता, बोलणे अस्सल नाशिकचे. खरेदीदार नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो, त्याप्रमाणे मी त्यांना सांगून ठेवले. नोंदणीच्या तीन दिवस आधी मालक सहज बोलून गेले की, परतीचे तिकीट पुढच्या आठवड्याचे आहे. ते अकरा वर्षे परदेशात राहत होते.

विक्रेता अनिवासी असेल तर एक टक्क्याचा नियम लागू होत नाही. कितीतरी अधिक दराने कर कापावा लागतो, आणि तो कापला नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते. म्हणजे माझ्या सांगण्यावरून एका नोकरदार माणसाच्या डोक्यावर लाखो रुपयांची जोखीम बसणार होती. नोंदणी थांबवली. खरेदीदाराला कर कपातीसाठीचा वेगळा क्रमांक घ्यावा लागला, विक्रेत्याने प्रत्यक्ष नफ्यापुरताच कर कापला जावा यासाठी आयकर खात्याकडे प्रमाणपत्राचा अर्ज केला, आणि सहीसाठी पुन्हा येणे शक्य नसल्याने परदेशातून मुखत्यारपत्र पाठवले. ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, तेही धावपळ करून भरले. या सगळ्यात बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपली आणि खरेदीदाराला नव्याने अर्ज करावा लागला. त्याचा खर्च मी दिला. तेव्हापासून माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर एक ओळ छापलेली आहे : गेल्या आर्थिक वर्षात आपण भारतात किती दिवस होता?

आता तिसरा प्रश्न. सोडून दिलेला सौदा एकच सांगते.

कॉलेज रोडवरील तीन खोल्यांची सदनिका, मालक एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त अधिकारी, पत्नी वारलेली. व्यवहार त्यांचा मुलगा पाहत होता. तो पुण्याहून दर शनिवारी यायचा, वडिलांची औषधे डब्यांत भरून ठेवायचा, दिवसा आणि रात्री दोन माणसे सेवेला होती, आणि त्या खर्चासाठीच घर विकायचे होते. मी घर दाखवायला जाई तेव्हा वडील आरामखुर्चीत बसून हसत नमस्कार करीत. सौदा महिन्याभरात ठरला, कागद स्वच्छ होते, एकच मालक, बोजा नाही. इतकी सोपी फाईल वर्षातून एखादीच मिळते.

नोंदणीच्या दिवशी आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत होतो. मी सवयीने दस्ताची पाने पुन्हा चाळत होते. वडिलांनी माझ्याकडे वाकून हळू आवाजात विचारले, ‘कोणाचे घर घेताय तुम्ही?’ मी म्हटले, ‘तुमचेच आहे ना काका, कॉलेज रोडचे.’ त्यावर ते म्हणाले, ‘ते नाही देणार मी. ही तिथेच असते.’ ही म्हणजे त्यांची पत्नी. सहा वर्षांपूर्वी वारलेली.

मुलगा म्हणाला, बाबा कधी कधी विसरतात, सकाळी त्यांना सगळे समजावले होते आणि ते हो म्हणाले होते. तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. परंतु आपण काय करतो आहोत हे ज्याला त्या क्षणी समजत नाही, त्याने केलेला करार १८७२च्या करार कायद्यानुसार टिकत नाही, हे मी दस्त टाइप करण्याच्या दिवसांपासून जाणत होते. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले की, न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घे, मग विक्रीची परवानगी माग; वेळ लागेल, पण घर आणि तू दोघेही सुरक्षित राहाल. त्याने विचारले की, तोवर दोन माणसांचा पगार मी कुठून देऊ. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेदीदार चिडले, त्यांची रजा वाया गेली होती. मी साक्षीदारांना घरी पाठवले, माझ्याकडची फाईल परत दिली आणि वडिलांना हात धरून रिक्षापर्यंत सोडले.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहत होते. त्या सदनिकेचे खरेदीखत नोंदवले गेले होते. खरेदीदार वेगळा होता. लिहून देणार म्हणून वडिलांचेच नाव होते.